शेवटच्या ओळीतलं नाव

जुनी शुक्रवारी, नागपूर
१६ नोव्हेंबर १९६९

ताई,
तुला नमस्कार, आणि तुझ्या सासूबाईंच्या पायांवर माझं डोकं. त्यांचा दमा या थंडीत कसा आहे ते आधी कळव.

भाऊबीजेला इथं होतीस तेव्हा फराळ करता करता तू खाप्याकडच्या त्या सासू-सुनेचं सांगितलंस ना, गाणी स्वतःच रचतात आणि गावोगाव हिंडून म्हणतात म्हणून, ते माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या गल्लीतल्या दत्तमंदिरात दत्तजयंतीचा सप्ताह सतरा डिसेंबरला बसतो. त्यातली गुरुवारची दुपार आमच्या महिला भजनी मंडळाची. अकरा वर्षं झाली, दर गुरुवारी आम्ही त्या सभामंडपात बसतो. सप्ताहातल्या गुरुवारी बाहेरून कोणीतरी गायला बोलवायचं अशी पद्धत आहे. दोन वर्षं एक बुवा आले, पेटी, तबला आणि निरूपण. निरूपणात बायकांनी कसं वागावं ते दोन्ही वर्षं तेच होतं. म्हणून यंदा मी मंडळात म्हटलं, बायांचंच गाणं ऐकू. सगळ्या हो म्हणाल्या. आमच्या पेटीवाल्या सिंधूताई सगळ्यात आधी, त्यांना एक दुपार नुसतं ऐकायचं आहे.

मंदिराची वहिवाट चंपतराव बघतात. त्यांना विचारलं, तेही हो म्हणाले. यंदा सीताबर्डीहून नवा भोंगा आणलाय, तो निंबावर बांधून सगळ्या गल्लीला ऐकवायची त्यांना घाई झाली आहे.

तर तू त्यांच्या घरी जाऊन विचार. दोन वेळचं जेवण, गाडीभाडं, आणि मंडळाकडून लुगडं दोघींना. त्याहून जास्त आम्हाला झेपणार नाही, ते आधीच सांग, मागून अवघड व्हायला नको. हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून बोलणंही मीच करते.

तुझी
रुख्मिणी

खापा
२४ नोव्हेंबर १९६९

चि. रुख्मिणी,
खूप आशीर्वाद. सासूबाईंचा दमा आहे तसाच आहे, पण बोलण्याला काही आडकाठी येत नाही.

काल त्यांच्याकडे जाऊन आले. नदीकडच्या बाजूला घर आहे. सासू प्रयागबाई, साठीची असेल, एकतारी वाजवते. सून जयवंता चौथीपर्यंत शिकली आहे, ती खंजिरी वाजवते आणि गाणी बहुतेक तीच रचते. कापसाची वेचणी सरत आली की दोघी निघतात ते होळीला परततात. जयवंताचा नवरा बैल आणि पोरं सांभाळून घरी असतो. गावातले लोक त्याला हसतात. तोही त्यांच्यात मिळून हसतो.

गाडीभाडं आणि जेवण चालेल म्हणाल्या. लुगड्याचं ऐकून प्रयागबाई म्हणाली, सुती असू द्या, झुळझुळीत आम्ही नेसत नाही. पण त्यांच्या अटी आहेत. एक, भोंगा लावायचा नाही. त्यात शब्द फाटतो म्हणते. दोन, उंचावर बसवायचं नाही, ऐकणाऱ्या जिथं बसतील तिथंच त्या बसणार. आणि तीन, प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्यांचं नाव येतं. संतांच्या अभंगात शेवटी संतांचं नाव येतं ना, तसं ह्यांच्यात 'जयवंता म्हणे' येतं. म्हातारीनं रचलेल्यात 'प्रयागा म्हणे'. ते गाळायचं नाही.

मला ही तिसरी अट जरा जड वाटली. म्हटलं ना मी तुला तेव्हाच, गोड गातात पण ताठ आहेत. तू बघ बाई. देवळाची माणसं आणि तुम्ही एकाच गल्लीत राहता, हे विसरू नकोस.

इंदुताई

जुनी शुक्रवारी, नागपूर
१ डिसेंबर १९६९

ताई,
नमस्कार. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी चंपतरावांना अटी सांगितल्या. भोंग्याचं ऐकून त्यांचं तोंड उतरलं. उंचावर बसत नाहीत हे मात्र त्यांना आवडलं. तिसरी अट ऐकली आणि त्यांनी हातातलं पंचांग खाली ठेवलं.

त्यांचं म्हणणं असं. देवासमोर नाव घ्यायचं ते संतांचं. जिवंत बाई, ती पण कापूस वेचणारी, उठून 'मी म्हणते' म्हणणार आणि आपण टाळ्या पिटणार, हे दत्तमहाराजांपुढे शोभत नाही. बरं, त्यावर तोडही त्यांनीच काढली. शेवटच्या ओळीत कोणत्याही एका संताचं नाव घालायचं. चालीत बसेल ते. मला म्हणाले, "वहिनी, इतकं काय मनावर घेऊन राहिल्या? कोणाले समजते?"

आणि नाव ठेवूनच गाणार असतील तर मंडप मिळणार नाही. त्या दिवशीही नाही, पुढच्या गुरुवारीही नाही.

ताई, मी देवाची माणूस आहे. एकादशी मोडलेली नाही, गुरुवार मोडलेला नाही. चंपतराव पहिल्यांदा बोलले तेव्हा मलाही वाटलं की खरंच, देवापुढे आपलं नाव कशाला मिरवायचं. पण घरी येऊन तांदूळ निवडायला बसले आणि ती तोडच घशाखाली उतरेना. जे संत बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी घालायचं? मंडळाच्या वहीत मी एकीची वर्गणी दुसरीच्या नावावर लिहिली तर मला काय म्हणतील? आणि हे तर देवाच्या समोर.

हे म्हणतात, देवळाशी वैर नको, यंदा पुन्हा बुवांना बोलवा. मी चंपतरावांना सांगितलं आहे की विचार करून सांगते. त्यांना तेवढ्यानंच वाटतं आहे की मी मानलं.

त्या दोघींचं गाणं मी अजून ऐकलेलंही नाही, बघ. आणि डोक्यात दुसरं काही नाही.

रुख्मिणी

खापा
७ डिसेंबर १९६९

रुख्मिणीबाईले जयवंताचा नमस्कार.

तुमची ताई परवा आमच्या घरी आली होती. बोलली की रुख्मिणीनं कळवलं आहे, देवळात त्रास हाये, तं शेवटचं नाव तेवढं काढा, एखाद्या संताचं टाका, बाकी सगळं ठरल्यासारखं. माह्या सासूनं विचारलं, हे रुख्मिणीबाईचं म्हणणं आहे का तुमचं? तं त्या म्हणाल्या रुख्मिणीचंच.

मंग आम्ही नाही येत. राग नाही. पण काहून ते सांगते, कारण तुम्ही मॅट्रिक झालेल्या आहा असं ताई म्हणाल्या.

एक गाणं लिहून पाठवून राहिली आहो.

बोंडं वेचता वेचता बोटं झाली लाल,
त्याच कापसाची देवा तुह्या अंगावर शाल.
वेचणारीचं नाव तुले माहीत हाये ना?
वेचणारीचं नाव तुले माहीत हाये ना?

आता यातून मले काढा नं म्हणून पाहा. संत मोठे. त्यायच्या पायाची धूळ आम्ही. पण माह्या वावरातला कापूस त्यायनं वेचला नाही. त्यायचं नाव टाकलं तं मी देवाले खोटं बोलली, अन् त्यायलेही खोटं बोलाले लावलं.

मागच्या साली एका गावात आमची दोन गाणी एका बुवानं बिननावाची करून म्हटली. आम्ही मागं बसून ऐकत होतो. लोकांनी बुवाच्या गळ्यात हार टाकला. माही सासू म्हणाली, गाणं पोचलं ना, झालं तं मंग. पण ती त्या दिवशी जेवली नाही.

लुगडी घेतली असतील तं दुसऱ्या कोणाले द्या.

जयवंता

जुनी शुक्रवारी, नागपूर
९ डिसेंबर १९६९

जयवंताबाई,
तुम्हाला नमस्कार, तुमच्या सासूबाईंना साष्टांग.

ते म्हणणं माझं नव्हतं. मी ताईला फक्त इथं काय घडलं ते लिहिलं. तिनं माझ्या काळजीपोटी त्याचा अर्थ लावला आणि माझ्या नावानं तुमच्याकडे बोलली. ती वाईट नाही, मोठी बहीण आहे. तिला वेगळं कार्ड टाकलं आहे.

तुमचं गाणं मी देवघरासमोर बसून म्हटलं. चाल माहीत नाही, मनानेच लावली. तुमच्या नावानं म्हटलं. मग संतांचं नाव घालून म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी देवाकडे बघवेना. एवढं सांगितलं म्हणजे तुम्हाला समजेल.

आता माझं म्हणणं, आणि हे माझंच आहे. गुरुवारी अठरा तारखेला दुपारी तीन वाजता या. भोंगा नाही. उंच जागा नाही. प्रत्येक गाण्यात तुमचं नाव, जितक्या वेळा यायचं तितक्या वेळा. मंडप मिळणार नाही. तो गेला, आणि पुढचे गुरुवारही गेले, हे मी मंडळाच्या बायांना काल सांगितलं. काही रडल्या, दोघी भांडल्या. सिंधूताई म्हणाल्या, अकरा वर्षं आपण त्याच फरशीवर त्याच दहा गाण्यांची उजळणी करून राहिलो, फरशीलासुद्धा पाठ झाली असतील. मग सगळ्या हसल्या आणि ठरलं.

कुठं बसायचं ते ठरायचं आहे. पण बसायचं हे ठरलं.

लुगडी दुसऱ्या कोणाला देणार नाही. ती सुती आहेत.

रुख्मिणी

खापा
१३ डिसेंबर १९६९

रुख्मिणी,
तुझं कार्ड मिळालं. कार्डावर एवढी जागा असते आणि तू दोनच ओळी लिहिल्यास. 'ताई, तू माझ्या नावानं बोललीस. चंपतरावांना त्या गाण्यांचं जे करायचं आहे तेच तू माझं केलंस.' ना नमस्कार, ना सासूबाईंची चौकशी. पोस्टमनदेखील माझ्याकडे बघत होता, त्यानं वाचलं असणार.

मी काय करणार होते? तू लिहिलंस की घशाखाली उतरेना. मला वाटलं, तुला मंडप सोडवत नाही आणि तोंडानं म्हणवत नाही. लहानपणीही तू असंच करायचीस, नको म्हणायचं असलं की गप्प बसायचीस, आणि मी जाऊन सांगायचे. ती सवय मोडायची राहिली, माझी.

काल त्यांच्याकडे गेले. चुकले म्हणून सांगितलं, तुझ्या घशाखाली उतरलं नव्हतं हेही सांगितलं. प्रयागबाईनं चहा दिला. मग एकतारी काढली आणि अर्धा तास नुसती जुळवत बसली. मी उठू की बसू. शेवटी म्हणाली, "बाई, तुमच्या बहिणीचं पत्र आलं आम्हाले. तिच्या घशाखाली उतरलं नाही, म्हणून आम्ही जातो."

तर त्या येत आहेत. गुरुवारी सकाळच्या मोटारीनं सावनेरवरून. मला यायचं होतं, पण सासूबाईंना सोडून निघता येत नाही. तू सगळं लिही, काही गाळू नकोस. आणि चंपतरावांशी बोलताना पदर नीट घे, भांडायचंच असेल तर नीट कपड्यांत भांड.

तुझी ताई

जुनी शुक्रवारी, नागपूर
२४ डिसेंबर १९६९

ताई,
नमस्कार, आणि सासूबाईंनाही, पहिल्याच ओळीत. काल दत्तजयंती झाली, पाळणा झाला, प्रसाद झाला, आता निवांत लिहिते.

गुरुवारी त्या दुपारी एकला आल्या. जेवताना जयवंता मला म्हणाली, भाजीत तेल मोजून टाकता वाटते. मी म्हटलं, तेलच काय, मीठही. त्या दोघी हसल्या आणि माझी भीती गेली.

बसायचं कुठं ते मी सकाळीच ठरवलं होतं. आमच्या अंगणात बसता आलं असतं. पण दत्ताच्या सप्ताहातली दुपार दत्तासमोरच व्हायला पाहिजे. मंडप चंपतरावांचा असेल, पायऱ्या रस्त्यावर आहेत. आमच्याकडच्या दोन सतरंज्या ह्यांनी स्वतः खांद्यावर टाकून नेल्या. वैर नको म्हणणारे हेच. मी काही बोलले नाही, बोलले असते तर परत आणल्या असत्या.

मंडपाला कुलूप होतं. चंपतराव शेजारच्या ऑफिसच्या खोलीत भोंग्याच्या मशीनजवळ बसून होते. आम्ही कुलुपाला नमस्कार केला, म्हणजे त्याच्या आतल्याला, आणि पायऱ्यांवर, खालच्या फरसबंदीवर जिथं जागा मिळाली तिथं बसलो. तीस-पस्तीस बाया असतील. प्रयागबाई मधल्या पायरीवर बसली, जयवंता तिच्या एक पायरी खाली.

एकतारीची तार वाजली आणि निंबावरचा भोंगा सुरू झाला. भक्तिगीतांची रेकॉर्ड, पूर्ण आवाजात. खिडकीतून चंपतराव आमच्याकडे बघत नव्हते, घड्याळाकडे बघत होते. सिंधूताई म्हणाल्या, आता आपण सगळ्या मिळून मोठ्यानं म्हणू, बघू कोण हरतं. मलाही तेच वाटलं होतं. माझा घसा तयार झाला होता भांडायला.

प्रयागबाईनं हात वर केला. म्हणाली, "भोंग्याशी भांडायचं नाही बाई. तो दूरच्यायसाठी असते. तुम्ही जवळ या."

आम्ही सरकलो. ती म्हणाली, अजून. अजून सरकलो. शेवटी गुडघ्याला गुडघा लागला, एकीचा पदर दुसरीच्या मांडीखाली. ज्या दोघी मंडळात भांडल्या होत्या त्या एकमेकींना टेकून बसल्या होत्या, दुसरीकडे जागाच नव्हती. मग त्या गायल्या. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. ताई, तू ऐकलं आहेस, मी काय सांगू. खंजिरी जयवंता बोटांच्या टोकांनी वाजवत होती, झांजा जेमतेम हलत होत्या. वरून भोंगा कोसळत होता आणि आम्हाला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. माझ्या शेजारणीचा श्वास कुठं अडला तेही ऐकू येत होतं. विहिरीचं गाणं झालं, जावेचं झालं, त्यात एवढ्या हसलो की चंपतरावांनी खिडकीतून बघितलं. आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी 'जयवंता म्हणे' आलं की सगळ्या बाया मान डोलवायच्या. पहिल्यांदा मला ते नाव ऐकताना अंगावर काटा आला होता. तिसऱ्या गाण्याला मी त्याची वाट बघत होते.

कापसाचं गाणं चालू असताना चंपतरावांच्या आई आल्या, पार्वतीबाई. देवळाच्या मागंच राहतात. ऐंशीच्या आहेत, कमी ऐकू येतं. काठी टेकत आल्या, बायांनी जागा केली, मधोमध बसल्या. कानाला हात लावला. मग वळून खिडकीकडे बघितलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चंपत, बंद कर ते. मले ऐकू येऊन नाही राहिलं."

भोंगा बंद झाला. निंबावरचे पोपटसुद्धा गप्प झाले असं मला वाटलं, खरं-खोटं दत्त जाणे.

गाणं पुन्हा पहिल्यापासून झालं. संपल्यावर पार्वतीबाईंनी जयवंताला विचारलं, कोण्या संताचं आहे हे? ती म्हणाली, माझंच आहे आजी. पार्वतीबाई थोडा वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिल्या. माहेरी त्याही वेचायला जायच्या म्हणे, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, चंपतरावांना तरी असेल की नाही. मग म्हणाल्या, "शेवटचं पुन्हा म्हण वं माय. नाव जरा नीट घे, मले अर्धंच समजलं."

तिनं घेतलं. या वेळी सगळ्या जणी बरोबर म्हणाल्या. मीही म्हटलं. कुलुपाच्या आत दत्तमहाराज होते, त्यांना ऐकू गेलं याबद्दल मला शंका नाही. इतक्या वर्षांत माझं गाणं त्यांच्यापर्यंत पोचलं अशी खात्री मला फार कमी वेळा झाली आहे.

त्या शुक्रवारी सकाळी गेल्या, नवी लुगडी नेसून.

आता पुढचं. परवा सोमवारी चंपतरावांनी पुजारी रुपराव यांच्या हाती निरोप पाठवला. सोबत मंडपाची किल्ली. झालं ते झालं, मंडळानं पुढच्या गुरुवारपासून पुन्हा बसावं. फक्त एका कागदावर लिहून द्यावं की यापुढे देवळात संतांचीच गाणी होतील, आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या. रुपराव बिचारे दारातच उभे होते, किल्ली ओंजळीत घेऊन, प्रसादासारखी.

हे माझ्याकडे बघत होते. मी मंडळाच्या बायांना विचारते म्हणाले असते तर चाललं असतं. पण गुरुवारी पायऱ्यांवर कोणी कोणाला विचारून सरकलं नव्हतं.

मी रुपरावांना आत बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला. सांगितलं, आम्ही संतांचीही गाणी म्हणू, त्यांच्या नावानं. ज्यांची त्यांची म्हणू. पुढचा गुरुवार पार्वतीबाईंच्या पडवीत आहे, त्यांनी स्वतः बोलावलं आहे. सही कशावरच नाही.

ते किल्लीकडे बघून म्हणाले, मग हिचं काय सांगू वहिनी?

मी म्हटलं, "ती चंपतरावांजवळच राहू द्या. देवाले बाहेर यावंसं वाटलं तं कोणीतरी दार उघडाले पाहिजे."

तुझी
रुख्मिणी